दातांचा जमाखर्च

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील फान्तिन आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असेल. परगावी लोकांच्या हवाली केलेली लेक आजारी आहे, औषधासाठी चाळीस फ्रँक पाठवा, असे खोटे पत्र तिला येते. त्याच सुमारास गावच्या चौकात दात काढणारा एक फिरस्ता आलेला असतो. तो तिचे समोरचे दोन दात पाहतो आणि त्यांचे दोन नेपोलियन, म्हणजे नेमके चाळीस फ्रँक देऊ करतो. फान्तिन आधी संतापते, शहारते. आणि मग जाऊन दात देऊन येते. हा प्रसंग वाचताना डोळे ओले होतात. पण हा व्यवहार ह्यूगोने निव्वळ कल्पनेतून उभा केला, असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्याने दुसऱ्याचा ताजा दात आपल्या हिरडीत रुजवून घेण्याच्या प्रयोगाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि लंडनच्या श्रीमंतांसाठी गरिबांच्या मुलांचे दात विकत घेतले जाऊ लागले. १७८७ साली टॉमस रोलँडसनने या प्रकारावर व्यंगचित्र काढले आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या हिशेबाच्या वहीत १७८४ सालच्या मे महिन्यात नऊ दातांबद्दल गुलामांना १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून ते कवळ्यांत बसवले गेले आणि 'वॉटर्लूचे दात' याच नावाने ते ओळखले गेले.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन वाचकांना शिसारी आणावी असे नाही. दात ही शरीरातील एक अशी वस्तू आहे की, तिचा विचार करताना माणसाला प्रथमपासून पैशाचा विचार करावा लागला. आज आपल्या घरी कोणाचे हृदय बिघडले, मूत्रपिंड बिघडले, तर विम्याचे कागद शोधले जातात. सरकारी योजनेचे कार्ड बाहेर काढले जाते. दाढ दुखू लागली की मात्र लवंगेचे तेल शोधले जाते. ते संपले की मिठाचे पाणी, आणि तेही हरले की शेवटी "काढूनच टाकू या". पाच माणसांच्या घरात पाच जणांचे मिळून दीडशेच्या आसपास दात असतात आणि त्यांतला एकही विम्याच्या कक्षेत नसतो. हा दात शरीराबाहेरचा केव्हा ठरला, कोणी ठरवला, आणि त्याचा भार घरातील कोणावर पडला, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

ही फारकत जुनी आहे. इंग्लंडात १५४० साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा एक संघ कायद्याने बांधला गेला. पण त्याच कायद्याने न्हाव्यांना दात काढण्यापलीकडे शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. म्हणजे दात हा शस्त्रवैद्याच्या हाताखालचा विषय नव्हे, न्हाव्यालाही चालेल असा विषय, हे तेव्हाच लिहून ठेवले गेले. १७४५ साली शस्त्रवैद्य न्हाव्यांपासून वेगळे झाले आणि सन्मानाच्या मार्गाला लागले. दात मागे राहिला. दरम्यान १७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार याने दातांच्या शास्त्रावर मोठा ग्रंथ लिहून या विद्येला विद्या म्हणून उभे केले होते. सामान्य माणसाला त्याचा उपयोग काय? जत्रेतला दात उपटणारा आणि अलेक्झांड्रियाची संत अपोलोनिया, हेच त्याचे दोन आधार. इ. स. २४९ च्या सुमारास छळ करणाऱ्यांनी या वृद्ध कुमारिकेचे दात पाडले, असे त्या शहराचे बिशप डायोनिसियस यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. पुढे दाढदुखीने त्रस्त झालेल्यांनी तिलाच आपली आश्रयदाती मानले. चित्रांत ती हातात चिमटा आणि चिमट्यात दात धरून उभी असते.

दुसरी फारकत अमेरिकेतली. १८४० साली मेरीलंड राज्यातील बाल्टिमोर येथे हॉरेस हेडन आणि चेपिन हॅरिस यांनी दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय काढले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाने हा विषय आपल्याकडे शिकवण्यास नकार दिला, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली, असे सांगतात. इतिहासकार या कथेकडे थोड्या संशयाने पाहतात; परंतु परिणाम तोच झाला. डॉक्टरांची शाळा निराळी, दंतवैद्यांची निराळी. पदवी निराळी, संघटना निराळी. पुढे जेव्हा आजारपणाच्या खर्चाची वाटणी करण्याची वेळ आली, तेव्हा दोन चुली आधीच मांडलेल्या होत्या.

त्याच शतकात दोन शोधांनी गरिबाच्या तोंडाचे भवितव्य ठरवले. १८४० नंतरच्या दशकात नायट्रस ऑक्साइड आणि ईथर आले, आणि दात काढणे कमी वेदनेचे झाले. १८५० नंतर कडक केलेल्या रबराचे तळ असलेल्या कवळ्या निघाल्या. सोन्याच्या किंवा हस्तिदंती कवळीच्या मानाने त्या फारच स्वस्त होत्या. या रबराचे पेटंट बाळगणारी कंपनी दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे इतक्या निष्ठुरपणे वसूल करी की, १८७९ साली तिच्या खजिनदाराचा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका दंतवैद्याने गोळी झाडून खून केला. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली आणि कवळी आणखी स्वस्त झाली. आता दुखता दात वाचवण्यापेक्षा तो काढणे स्वस्त, आणि एकेक दात काढत बसण्यापेक्षा सगळे एकदम काढून कवळी बसवणे त्याहून स्वस्त, असा हिशेब तयार झाला. त्यातच ब्रिटनने १८७४ साली साखरेवरील कर पूर्णपणे उठवला. साखर कामगाराच्या चहात आणि त्याच्या मुलांच्या पावावरील मुरंब्यात शिरली. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्या तरुणांचे दात पाहून साम्राज्याचे अधिकारी चकित झाले. कडक बिस्किटे चावता येत नाहीत म्हणून शिपाई निकामी ठरू लागले. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली म्हण साम्राज्याच्या फौजेला अशी लागू पडली.

या काळातील एक चाल आम्हाला विशेष विषण्ण करते. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या कामगार वस्त्यांत मुलीच्या लग्नाआधी किंवा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी तिचे सगळे दात काढून कवळी बसवून देण्याची पद्धत होती. खर्च माहेरचा. हेतू हा की, पुढे नवऱ्यावर तिच्या दातांचा बोजा पडू नये. वृद्ध स्त्रियांनी सांगितलेल्या आठवणींतून ही चाल नोंदली गेली आहे आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुरळकपणे चालू होती. निरोगी दातसुद्धा त्यात गेले. आपल्याकडे हुंड्याच्या यादीत काय काय असते हे आपण जाणतो. तेथे रिकाम्या हिरड्याही त्या यादीत होत्या, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. याला त्या वेळच्या शास्त्राचाही दुजोरा मिळाला. विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० साली माँट्रियल येथे दिलेल्या व्याख्यानात तोंडातील पू हा शरीरभरच्या रोगांचे मूळ असल्याचे आग्रहाने मांडले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही दात काढले गेले. गरिबाला जे पैशाअभावी करावे लागत होते, तेच विद्वान आरोग्याच्या नावाने सांगू लागले. मग हळहळ तरी कोणी करावी?

१९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. त्याबदली आजारपणात भत्ता आणि डॉक्टरचे औषध. कष्टकऱ्यांच्या इतिहासात हा कायदा मोठा आहे, यात शंका नाही. परंतु विमा होता तो कमावत्याचा, कुटुंबाचा नव्हे. बापाला डॉक्टर मिळाला. आई आणि मुले बाहेर राहिली. आणि बापालाही डॉक्टरच मिळाला, दंतवैद्य नव्हे. विम्याचा कारभार पाहणाऱ्या मान्यताप्राप्त सोसायट्यांकडे शिल्लक उरली, तर त्यांनी जादा सवलत म्हणून दातांच्या खर्चाचा काही भाग द्यावा, अशी तरतूद होती, आणि १९२० नंतर अनेक सोसायट्या तसा देऊ लागल्या. ही शिल्लक कोणाकडे उरे? ज्यांचे सभासद सुखवस्तू आणि निरोगी, त्यांच्याकडे. खाणकामगारांच्या सोसायटीत आजारीच इतके की, शिल्लक पडण्याचा प्रश्नच नसे. म्हणजे ज्याला गरज कमी त्याला दाताचे पैसे, आणि ज्याचे दात कोळशाच्या धुळीत गेले त्याला काही नाही.

घरातील स्त्रीची अवस्था काय होती, हे मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पाहावयास मिळते. एका समितीने कामगार वस्त्यांतील साडेबाराशे विवाहित स्त्रियांची चौकशी केली होती. पंडुरोग, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, संधिवात यांच्या रांगेत किडलेले दातही उभे आहेत. आपण आजारी आहोत, ही जाणीवच यांतील पुष्कळ स्त्रियांना नव्हती. दुखणे हा संसाराचा भाग होता. मुलांच्या दातांकडे निदान शाळा पाहू लागली होती. १९०७ साली केंब्रिजमध्ये ब्रिटनमधला पहिला शालेय दंतदवाखाना निघाला होता. नवऱ्याचे दात सोसायटी पाहील न पाहील. तिचे कोण पाहणार? तिच्या नावाचा रकानाच कोणत्या वहीत नव्हता.

म्हणून ५ जुलै १९४८ या दिवसाचे महत्त्व. अन्यूरिन बेव्हन यांनी उभारलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा त्या दिवशी सुरू झाली, आणि त्यात दात होता; दाताबरोबर कवळी होती, तीही विनामूल्य. बेव्हन खाणकामगाराचे पुत्र, स्वतः लहान वयात खाणीत उतरलेले. दंतवैद्यांच्या दारांत अशी गर्दी लोटली की, सरकारचे सारे अंदाज कोलमडले. वर्षानुवर्षे तोंड मिटून बसलेली माणसे, आणि त्यांत मोठ्या संख्येने आया, आता बाहेर आल्या. दंतवैद्यांची कमाई इतकी वाढली की, १९४९ आणि १९५० साली सरकारला त्यांच्या कामाचे दर कमी करावे लागले. याची एक वाईट बाजूही सांगितली पाहिजे. शाळांतील दंतवैद्य चांगल्या मिळकतीसाठी नोकऱ्या सोडून या कामाला लागले. मुलांचे दात वाचवणारे हात थोरांच्या कवळ्या करू लागले. शंभर वर्षांची थकबाकी एकदम वसूल होऊ लागली की, तिचा भार असा कोणावर तरी पडतोच.

हे तीन वर्षेही टिकले नाही. कोरियाचे युद्ध पेटले. शस्त्रसज्जतेसाठी चार हजार सातशे दशलक्ष पौंडांचा कार्यक्रम आखला गेला, आणि एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळीच्या निम्म्या किमतीचा भार रुग्णावर टाकला. चष्म्यांवरही आकार बसवला. यातून पहिल्या वर्षी मिळणार होते सुमारे तेरा दशलक्ष पौंड. शस्त्रांच्या रकमेपुढे हा आकडा ठेवून पाहावा. बेव्हन यांनी २२ एप्रिल रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या पाठोपाठ हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन बाहेर पडले. कवळ्या आणि चष्मे यांवरून मंत्रिमंडळात फूट पडावी याचे तेव्हा अनेकांना हसू आले. आम्हाला वाटते, बेव्हन यांनी भांडणासाठी निवडलेली जागा बरोबर होती. एकदा दाताला किंमत लावली की ती पुढे वाढतच जाणार, हे त्यांना दिसत होते. त्याच वर्षी मजूर पक्ष सत्तेवरून गेला, आणि १९५२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने दातांच्या इतर उपचारांवर एक पौंडापर्यंत आकार बसवला. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्यातून वगळले, एवढे बरे केले. १९६८ साली पहिली मोठी पाहणी झाली तेव्हा इंग्लंड-वेल्समधील प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ साली हेच प्रमाण सहा टक्क्यांवर आलेले होते. चाळीस वर्षांत एका राष्ट्राच्या तोंडात दात परतले. फ्लुओराइडयुक्त टूथपेस्टचा त्यात मोठा हात आहे; परंतु दात काढण्याऐवजी भरून घेणे ही गोष्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, हेही त्यात आहे.

ब्रिटनने दात आत घेतला आणि दारापर्यंत परत आणून सोडला. अमेरिकेने तो आत घेतलाच नाही. तेथे दातांच्या विम्याची सुरुवात एका कामगार संघटनेने केली. १९५४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने मालकांच्या मंडळासह कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील दंतवैद्य संघांना गाठले, आणि आमच्या चौदा वर्षांखालील मुलांच्या दातांची व्यवस्था करा, अशी मागणी केली. आज तेथे जो दातांचा स्वतंत्र विमा दिसतो त्याचे मूळ या मागणीत आहे. गोदी कामगारांनी पहिल्याने मुलांचे दात मागितले, स्वतःचे नव्हेत, हे आम्हाला नोंदवावेसे वाटते. पण १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली तेव्हा दातांची निगा, भरणे, काढणे, नवे बसवणे हे सारे कायद्याच्या शब्दांतच वगळले गेले. माणूस ज्या वयात दात गमावतो, त्याच वयाच्या विम्यात दात नाही. नोकरीबरोबर मिळणाऱ्या दातांच्या विम्यालाही वर्षाला हजार-दीड हजार डॉलरची मर्यादा असते, आणि महागाई कितीही वाढली तरी ती मर्यादा कित्येक दशके जवळपास तेथेच आहे.

२००७ सालच्या फेब्रुवारीत मेरीलंडमधील एक बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. तेच मेरीलंड, जेथे १८४० साली जगातले पहिले दंतमहाविद्यालय निघाले. त्याच्या दाढेत गळू झाले होते. त्याचे विष मेंदूपर्यंत पोहोचले. ही दाढ काढण्याचा खर्च सुमारे ऐंशी डॉलर आला असता. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि इस्पितळाचे बिल अडीच लाख डॉलरच्या घरात गेले. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतील त्याचे नाव मध्यंतरी गळले होते. नाव असतानाही त्या योजनेचे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळणे कठीण होते. या कथेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याची आई त्या दिवसांत दंतवैद्य शोधत होती, पण त्याच्यासाठी नव्हे, धाकट्यासाठी. धाकट्याचे सहा दात किडले होते आणि तो रडत होता. थोरल्याने फारशी तक्रारच केली नव्हती. जिच्याजवळ एकाच्या उपचारापुरतेच बळ आहे, ती आई रडणाऱ्या लेकराला आधी उचलते. यात तिचे काय चुकले? या मृत्यूनंतर २००९ साली मुलांच्या सरकारी आरोग्य विम्यात दातांचा समावेश सक्तीचा झाला. वृद्धांच्या मेडिकेअरमधील ते कलम मात्र उठलेले नाही.

आपल्या देशाची कथा लांबवण्याचे कारण नाही. १९४६ च्या भोर समितीने दंतसेवेचा विचार केला होता. त्या वेळी देशात पदवीधर दंतवैद्य होते हजारभर, म्हणजे तीन लाख माणसांमागे एक, आणि समितीने पंचवीस वर्षांत चार हजारांमागे एक असे लक्ष्य ठेवले होते. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत, दंतवैद्यांची वाण नाही. वाण आहे ती पैसे देणाऱ्याची. कामगार राज्य विम्याच्या रुग्णालयांत दातांचे विभाग असतात, पण ती योजना पगारपत्रकावर नाव असलेल्याची. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्यात दातांचे उपचार वगळलेले. अपघातामुळे इस्पितळात दाखल व्हावे लागले तरच ते ग्राह्य. लोकलमधून पडून जबडा फुटला तर विमा, चाळीस वर्षे भाकरी चावून दाढ झिजली तर नाही. अलीकडे काही कंपन्या जादा हप्ता घेऊन थोडीफार सवलत देतात. तो हप्ता ज्याला परवडतो, त्याला दंतवैद्यही परवडतो.

उरतात ती महाविद्यालयेच. शिकणाऱ्यांना रुग्ण हवेत आणि रुग्णांना स्वस्त हात हवेत, या गरजेवर जगभरचे गरीब गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे आपले दात राखत आले आहेत. लंडनमध्ये १८५८ साली सोहो चौकात दातांचे इस्पितळ निघाले ते याच मार्गाने. मुंबईत १९३३ पासून नायर दंतमहाविद्यालय हे काम करीत आहे. वसई-विरारची माणसे पहाटेची गाडी पकडून मुंबई सेंट्रलला उतरतात ती कित्येकदा येथे येण्यासाठीच. काम चांगले होते, पण सावकाश होते. विद्यार्थी करतो, शिक्षक तपासतो, पुन्हा बोलावतात. एका दाढेच्या मुळाच्या उपचाराला तीन-चार खेपा पडतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक खेपेस एका दिवसाचा रोज सोडावा लागतो. खर्चाचा मोठा आकडा केसपेपरवर नसतो, तो या सोडलेल्या रोजात असतो.

तेथील बाकावर बसून आम्ही एकदा रांग न्याहाळत होतो. बहुतेक बाया मुलांना घेऊन आलेल्या. आमच्या शेजारच्या बाईंनी पदराने गाल दाबून धरला होता, सुजलेला होता. केसपेपर मात्र मांडीवरच्या मुलाच्या नावाचा होता. "तुमचा नाही काढला?" असे आम्ही विचारले. "याचं होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या, "माझं पुढच्या खेपेला बघू." तेवढ्यात आतून मुलाच्या नावाचा पुकारा झाला आणि त्या उठून आत गेल्या.